लाल बेसवरचा काळा रंग

उस्ताद, त्या सोमवारी सकाळी पूजा आटोपली, दुकान उघडलंच नाही, आणि तुमचा बेस मागच्या ओट्यावर नेऊन खुरप्यानं खरवडायला बसलो. विजेवर वाजणारी चार तारांची ती गिटार, पण आपल्या बँडमध्ये सगळे तिला नुसतं 'बेस' म्हणायचे, म्हणून माझ्याही तोंडात तेच बसलंय. तारा आदल्या दिवशीच काढल्या होत्या. खुंट्या, स्क्रू, आवाजाची बटणं एका स्टीलच्या वाटीत टाकली होती. आतल्या वायरी कुठून कुठं जातात ते समजेना, तेव्हा सरळ कात्रीनं कापल्या. उरलं ते लाकूड आणि त्यावरचा तुमचा लाल रंग. या कामातलं मला काही म्हणजे काही येत नाही. पहिल्याच ओढीला खुरपं आत घुसलं आणि कडेला करंगळीएवढी खाच पडली. बायको धुण्याची बादली घेऊन चालली होती, ती थांबली. म्हणाली, "काय करायलाव हो? दोडका सोलायल्यावानी?" मी मान वर न करता म्हणालो, "जुना झालाय. नवा करतो." ती गेली. मी खरवडत राहिलो. रंगाचे कपचे मांडीवर, धोतरावर, ओट्यावर पडत होते आणि मी मधूनमधून उठून मागचं दार लावलंय ना ते बघून येत होतो. माझ्याच घरात, माझ्याच ओट्यावर.

त्याच्या आधी पंधरा दिवस शेजारच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली होती, "आप्पा, आष्टीवरून फोन हाय. बाईमाणूस हाय." मला वाटलं कुणा पाहुण्याकडचं बरंवाईट. तर तुमची मुलगी. तुम्ही गेलात तेव्हा ती परकर-पोलक्यातली, नंतर आष्टीला दिली एवढंच कानावर होतं. "चाचा, वळखलाव का?" म्हणाली. आवाज तुमच्यासारखा जरा घोगरा. इकडचं तिकडचं झालं आणि मग तिनं सांगितलं की तुमच्या माघारी तुमच्या भावांनी कॉर्नेट, सॅक्सोफोन, तो मोठा भोंगा, सगळं मोडीत घातलं. "पितळ म्हणून इकलं चाचा, काट्यावर तोलून. अब्बाचा हात लागलेली एक चीज न्हाई घरात. अम्मी म्हणती, लाल गिटार तुमच्याकडं हुती. हाय का वो अजून?"

मी म्हणालो, "न्हाई गं माय. वाळवी लागली. टाकून द्यावी लागली."

विचार करून बोललो असतो तर निदान मला माझी ओळख पटली असती. पण जीभ पुढं गेली आणि मी मागं राहिलो. मग ती म्हणाली, "बरं. लाकूडच ते. तुमी तब्येतीला जपा." रिसीव्हर ठेवला तेव्हा एसटीडीवाला विचारतोय, "समदं बरं हाय ना आप्पा?" आणि मी म्हणतोय, "हां, हां, बरं हाय." दुकानात येऊन एका बाईला अर्धा किलोऐवजी पाव किलो साखर बांधून दिली. तिनं ती तिथंच पुडा उघडून दाखवली.

तो बेस आपल्याकडं आला तो दिवस तुम्हाला आठवत असेलच. हैदराबादकडचा कुठला तरी ऑर्केस्ट्रा मोडला म्हणून तुम्ही वाद्यं बघायला गेलात, आणि येताना एसटीच्या टपावर वाकळीत गुंडाळून हे आणलंत. दिंद्रुडच्या स्टँडवर सगळा बँड गोळा झाला. वाकळ सोडली. लालभडक, मोटारीसारखं चकाकणारं. ढोलवाल्यानं तारा मोजल्या आणि म्हणाला, "उस्ताद, फसिवलं तुमाला. गिटारीला सा तारा असतेत." तुम्ही म्हणालात, "मालूम हाय बे. दोन तुटल्यात म्हणून तर सस्तात मिळाली. दोन तारा बसवू, हाय काय त्यात." आणि खरोखर तुम्ही औरंगाबादला वाद्यांच्या दुकानात उरलेल्या दोन तारा मागायला गेलात. तिथून परत आलात तो चेहरा मला अजून दिसतो. दोन दिवस कुणाशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी आम्हाला बसवून सांगितलंत की हिला चारच तारा असतात, आणि हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं. आम्ही पोट धरधरून हसलो. मग ते कुणी वाजवायचं हा प्रश्न. सगळ्यांना पुढं राहायचं, कॉर्नेट पाहिजे, सॅक्सोफोन पाहिजे. हे मागं उभं राहून घुमणारं कुणाला नको. तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "वाण्याला द्या. मापात टाकायची सवय हाय त्याला."

लिंगायत वाण्याचा मुलगा वरातीत वाजवतो म्हणून आमचे वडील तीन महिने माझ्याशी बोलत नव्हते. तुम्ही एकदा दुकानात आलात, चहापत्तीचा पुडा घेतलात आणि जाता जाता त्यांना म्हणालात, "शेटजी, तुमचं पोरगं बसून वाजवायचं काम करतंय असं समजा." बसून कसलं! हातगाड्यावर आवाज मोठा करणारं मशीन आणि बॅटरी, मशीनमधून निघालेली आठ-दहा फुटांची वायर माझ्या बेसला, आणि मी त्या गाड्याच्या चाकाशी दावणीला बांधल्यासारखा चालतोय. गाडा थांबला की मी थांबायचं, गाडा पळाला की मी पळायचं. मला शिकवायचं म्हणजे तुमची एकच रीत. बोटावर कॉर्नेटच्या कडेनं टोला. "लोकांच्या कानाला न्हाई गेला तरी चालंल बे. नाचणाऱ्याच्या पायाला कळाला पायजे."

उमापूरच्या त्या वरातीचं मात्र कुणालाच सांगितलं नाही कधी. देवळाच्या उताराला गाडा पुढं घरंगळला, वायर निसटली. गर्दी अशी की मला हलता येईना. मी काय केलं, तर बोटं तशीच चालू ठेवली. आवाज नाही, पण हात चालू, मान डोलतेय. वाटलं, एवढ्या कल्लोळात कुणाला कळतंय. तुम्ही सगळ्यात पुढं, पाठमोरे, तोंडात कॉर्नेट. एक कडवं झालं नसेल, तर वाजवणं तोडून गर्दीतून उलटे चालत माझ्यापर्यंत आलात. वरबाप ओरडतोय, "मास्तर, बंद कावून केलं?" तुम्ही त्याच्याकडं बघितलंही नाही. "आवाज न्हाई तर बोटं कावून हलवतूस?" म्हणालात. मी म्हणालो, "वायर निघाली उस्ताद." "निघाली तर उभा ऱ्हा. वायर लाव, मग वाजव. सोंग न्हाई करायचं माझ्या बँडमधी." सगळ्या वरातीसमोर. मी रडलो नाही, पण नाकाचं पाणी पुसावं लागलं. मला तेव्हा वाटलं होतं की एवढ्याशा गोष्टीचा किती बाऊ. अजूनही कधीकधी वाटतं. पण त्या फोननंतर ती वरात रोज दुपारी, गिऱ्हाईक नसलं की, डोळ्यांसमोरून जायला लागली.

आणि तुमचं शेवटचं येणं. अंगात स्वेटर, पावसाळा असून. बेस घेऊन आलात, दुकानाच्या पायरीवर टेकलात, दम लागला होता. "ठिव तुझ्याकडं. औरंगाबादच्या दवाखान्यातून आलो की घेतो. अमानत हाय, बक्षीस न्हाई. कळलं का बे वाण्या?" असं म्हणून हसलात आणि हसण्याचा खोकला झाला. तुम्ही आला नाहीत. बँड मोडला. पहिली काही वर्षं मी लोकांना म्हणायचो, उस्तादांनी बेस ठेवायला दिलाय. नंतर म्हणायला लागलो, उस्तादांनी बेस दिलाय. मधला शब्द केव्हा गळाला ते मला सांगता येणार नाही. आता तर मठातल्या सोमवारच्या भजनाला मी तो वाजवतो. लाउडस्पीकरचंच मशीन वापरतो. मृदंगवाल्याला आधी राग यायचा, आता मी नसलो तर तो विचारतो. आणि इतर दिवशी, दुकान मिटल्यावर, मशीन न लावताच वाजवतो. मशीनशिवाय बेस जवळजवळ मुकाच, तुम्हाला माहीत आहे. म्हणून त्याच्या कडेवर हनुवटी टेकवून बसतो, मग तार दातांपर्यंत येते. हे एवढं एक माझं स्वतःचं आहे, उस्ताद. घर वडिलांचं, दुकान वडिलांचं, देव वाडवडिलांचा. म्हणून तिनं विचारलं तेव्हा वाळवी आठवली.

पण वाळवीनं खाल्लेला बेस सोमवारी मठात वाजवायचा कसा? लाल बेस म्हटलं की माजलगाव तालुक्यात अजूनही लोकांना तुमचाच बँड आठवतो. कुणीतरी आष्टीला पाहुणा जाईल, कुणीतरी बोलेल. तेव्हा ठरवलं, रंगच बदलायचा. माजलगावला रंगाच्या दुकानात गेलो. पूर्वी लाल, हिरवा, पांढरा, काळा, संपलं. आता काउंटरवर रंगांचं कार्डच टाकतात पुढं, बोटभर पट्ट्या, डोळे फिरतील इतक्या. मी म्हणालो, काळा द्या. तो म्हणाला, "काळ्यात बी चार-पाच हायेत काका, कंचा?" मी म्हणालो, "खालचं काही दिसू देणार न्हाई तो."

खरवडायला चार दिवस गेले. खुरप्यानंतर फुटक्या काचेनं, मग पॉलिश पेपरनं. लाकूड उघडं पडलं तेव्हा ते इतकं कोरडं, इतकं पांढुरकं दिसलं की मला त्याची दया आली. आणि इथं मी माझी अक्कल चालवली. आमच्याकडं शेती होती तेव्हा वडील उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकांना, तिफणीला करडईचं तेल पाजायचे. लाकूड म्हटलं की तेल, एवढंच मला शिकवलेलं. दुकानातल्या डब्यातून दोन वाट्या तेल घेतलं आणि फडक्यानं बेसला पाजलं. काय प्याला म्हणता! गव्हाळ झाला, नसा दिसायला लागल्या. मला माझंच कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यावर काळा रंग मारला.

तो वाळेचना. दोन दिवस झाले, चार झाले, आठ झाले. बोट लावलं की बोटाचा ठसा. दुकानातून दर अर्ध्या तासाला उठायचं, मागं जायचं, बोट लावायचं, परत यायचं. बोट पुसायचं कशाला, तर मांडीला. सगळी धोतरं काळी. ज्वारीची खळी चालू होती, वारं सुटलं की भुसकट उडायचं आणि येऊन नेमकं त्याच्यावर बसायचं. मी चिमट्यानं एकेक काडी उचलायचो आणि तिथं चिमट्याचा ठसा पडायचा. सकाळी पूजेला बसलो की डाव्या तळहातावर इष्टलिंग, आणि तळहाताला थिनरचा वास. तीस वर्षं त्या हातावर विभूती आणि बेलाशिवाय दुसरा वास नव्हता. मंत्र म्हणत होतो, पण कान मागच्या ओट्यावर, की वारं सुटलंय का. एकदा तर लिंग हातात असताना मध्येच उठलो. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. उठलो, दोन पावलं टाकली, भानावर आलो, परत बसलो, पहिल्यापासून सुरू केलं.

शेवटी ट्रकच्या मागं फुलं आणि मोर काढणारा आमच्या गावचा पेंटर आहे, त्याला बोलावलं. त्यानं बोट लावलं, वास घेतला, माझ्याकडं बघितलं. "आप्पा, काय पाजलं म्हणलाव?"

"करडईचं तेल."

"किती?"

"दोन वाट्या."

तो ओट्यावरच बसला. हसू आवरेना त्याला. "आप्पा, भजी तळायची राहिली बगा नुस्ती! आवो गाडीला पाजतेत तेल, तिला रंग कोण देतंय? हे आता दिवाळीपस्तोर वाळत न्हाई. काढा समदं. थिनरनं पुसा, उनात ठिवा, परत पुसा." मग उठता उठता तो म्हणाला, "आन काळा कावून? हेचा लाल लई भारी हुता. आमच्या लग्नात वाजलाय हेव."

मी फडकं उचललं. पण बायको दारात उभी होती. तो गेल्यावर तिनं तोच प्रश्न विचारला. तिच्या विचारण्यात काही नव्हतं, साधं विचारणं. "खरंच की. नवाच करायचा तर लालच का न्हाई दिला?"

उस्ताद, एवढे दिवस मी तिला, पेंटरला, स्वतःला 'नवा करतोय' हेच सांगत होतो, आणि एवढ्या साध्या प्रश्नापुढं ते टिकेना. हातातलं फडकं पिळत राहिलो. मग सांगितलं. फोन, वाळवी, सगळं. ती उंबऱ्यावर बसून ऐकत होती. आधी तिला हसू आलं. "वाळवी? आपल्या घरात? लोखंडी पेटीत ठिवलेल्याला वाळवी?" मग हसू गेलं. "त्या लेकरानं बापाची एक वस्तू मागितली, आन तुमी म्हणलाव वाळवी. रोज तास-तास पूजा करता की हो तुमी." एवढंच म्हणाली आणि भाकरी टाकायला गेली. आतून थापण्याचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा जरा जोरात.

त्यानंतरचं काम सरळ आहे, आणि ते काम मी घाई न करता केलं. काळा रंग थिनरनं काढला. तेल उन्हात वर यायचं, ते पुसायचो, दुसऱ्या दिवशी परत यायचं. लाल आणायचा विचार मनात आला, पण तो माजलगावचा लाल झाला असता, तुमचा नाही, आणि तेही आणखी एक झाकणंच. उघडंच ठेवलं लाकूड. माझी खाच आहे तिथंच आहे. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं मला शिव्या घालत वायरी जोडून दिल्या. तारा चढवल्या. मशीन लावून एकदाच वाजवून बघितलं आणि लगेच वाकळीत बांधलं. जास्त वाजवलं असतं तर तो परत द्यायला आष्टीला गेलो नसतो.

काल बीडला गाडी बदलून आष्टीला गेलो. तिचं घर बाजाराच्या मागं आहे, पुढच्या खोलीत शिलाई मशीन. तिनं मला ओळखलं, वाकळ ओळखली नाही. मी बाजेवर ठेवून गाठ सोडली. ती बघत राहिली. मग हात न लावता म्हणाली, "चाचा, वाळवीनं लई सबुरीनं खाल्लं म्हणायचं. तारासुदिक ठिवल्या."

मी म्हणालो, "वाळवी नव्हती. मी खोटं बोललो. तुझ्या अब्बांनी ठेवायला दिला होता, कायमचा दिला नव्हता. मला सोडवेना." हे सगळं मी एसटीत पाठ केलेलं, पण पाठ केलेल्यापेक्षा बरंच तुटक आलं. रंगाचंही सांगितलं, तेलासकट. तेलाच्या गोष्टीला तिला हसू आलं, आणि हसताना तिनं पदर तोंडाला लावला तो मग खाली घेतलाच नाही. खाचेवरून बोट फिरवलं. "हे?"

"खुरपं लागलं."

"खुरपं!" ती म्हणाली. "अब्बांनी तुमाला मारलं असतं." मग बेस उचलला, वजनानं जरा झुकली, आणि आत आईकडं घेऊन गेली. मग आतून कुणीतरी एक तार छेडली, अगदी हळू.

मी बराच वेळ बाहेर बसून होतो. ती परत आली ती रिकाम्या हातानं. वाकळीची घडी घालून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "लई उपकार झाले चाचा." मी निघालो.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकायला पत्ताही नाही, वहीतच राहील. पण तुमच्यापाशी लपवून काय उपयोग? माजलगावपासून आष्टीपर्यंत माझ्या मनात एकच होतं, की मी खरं बोललो की ती म्हणेल, चाचा, आता तुम्हीच ठेवा. मी एकदा नको म्हणेन, दुसऱ्यांदा म्हणाली की घेईन. कसं नको म्हणायचं तेसुद्धा ठरवलं होतं. ती म्हणालीच नाही. मनात ते धरूनच मी तो तिच्या बाजेवर ठेवला, पण ठेवला, उस्ताद.